नेहरूंवर आमचा राग आहेच, पण हा मेसेज खोटा आहे

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज गेले चार दिवस फिरायलाय. वर मोठ्या अक्षरात "नेहरूंनी १७ वर्षांत देशाचं वाटोळं केलं" आणि खाली मुद्दे. युनोची सीट चीनला दिली, देशात एक कारखाना उभा केला नाही, भारतरत्न स्वतःच स्वतःला घेतलं, गोवा १४ वर्षं सडवला, हिंदू कोड बिल आणून घरं फोडली, चीनपुढं नांगी टाकली, आणि सगळ्यात शेवटी आपल्यासाठी मुद्दाम जोडल्यासारखं, "एका रात्रीत सही करून बेळगाव कर्नाटकाला दिलं, सरदार असते तर आज बेळगाव महाराष्ट्रात असतं". चांगल्या शिकल्यासवरल्या काका-मामांनी पण खाली हात जोडलेत म्हणून लिहायला बसलोय.

आधी हे सांगतो की आमच्या घरात नेहरूंचा फोटो कधी लागला नाही आणि लागणारही नाही. आज्जा ५६ च्या सीमा आंदोलनात होता, बेळगाव महाराष्ट्राबाहेर घातल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून सायकल फेरीला मी शाळेत असल्यापासून जातोय. म्हणूनच असल्या मेसेजचा मला जास्त त्रास होतो, कारण उद्या समोरच्यानं यातली एक गोष्ट खोटी म्हणून दाखवली की आपलं खरं गाऱ्हाणं पण तो त्याच पिशवीत घालून बाजूला ठेवणार.

युनोचं बघा. सुरक्षा परिषदेत चीनची कायमची जागा १९४५ पासून आहे, तेव्हा आपण स्वतंत्र पण नव्हतो. ती जागा माओच्या विरोधातल्या च्यांग कै-शेकच्या सरकारकडं होती, माओच्या चीनला ती मिळाली ऑक्टोबर १९७१ मध्ये, आणि नेहरू गेले २७ मे १९६४ ला. गेल्यानंतर सात वर्षांनी त्यांनी सीट दिली कशी? आता यातलं खरं काय तेही सांगतो, १९५० मध्ये अमेरिकेनं तिथल्या आपल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडितांमार्फत चाचपणी केली होती आणि १९५५ मध्ये रशियाचे पंतप्रधान बुल्गानिन यांनी भारतासाठी सहाव्या जागेचा विषय काढला होता, दोन्ही वेळा नेहरू म्हणाले की आधी चीनचा प्रश्न सुटू दे. तिथं त्यांनी चीनवर फार भरवसा टाकला असं माझंही मत आहे. पण युनोची सनद बदलायची तर पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते, त्यामुळं ताटात वाढून ठेवलेली सीट यांनी लाथाडली हे चित्रच चुकीचं आहे.

"एक कारखाना उभा केला नाही" हे वाचून मात्र मला राहवलं नाही. मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत कामाला आहे, आमच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात एचएमटीचा जुना लेथ आहे, मालकांच्या वडिलांनी सेकंडहँड घेतलेला. त्याचा चक बदललाय, मोटर दोनदा रिवाइंड केलीय, रंग तर कधीच उडालाय, पण बेड तोच आहे आणि सीएनसीवर लोड जास्त झाला की आजही तातडीचं एखाद-दुसरं पीस आम्ही त्याच्यावरच काढतो. हा एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, सरकारी कंपनी, १९५३ मध्ये बंगळुरात सुरू झालेली, स्विस कंपनीकडून तंत्र शिकून. म्हणजे मशीन बनवणारं मशीन आपल्याकडं बनायला लागलं ते याच माणसाच्या काळात, आणि ज्या गावाचं पोट फाउंड्री आणि मशीन शॉपवर चालतं त्या बेळगावातनं हा मेसेज पुढं पाठवला जावा याचं मला खरंच वाईट वाटतं. भिलाईची पहिली भट्टी पेटली १९५९ मध्ये. खरगपूरची आयआयटी १९५१ ची, मुंबईची १९५८ ची, दिल्लीचं एम्स १९५६ चं, ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये चालू झाली, भाक्रा धरण १९६३ मध्ये देशाला अर्पण झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. ही काय लपलेली माहिती नाही, दहावीच्या पोराला विचारा.

टीका करायची तर खऱ्या जागी करा ना. शेती मागं पडली, पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्य-मदत योजनेच्या गव्हावर देश जगायला लागला. लायसन्स-परमिटमध्ये छोटा कारखानदार पिचला. आयआयट्या झाल्या पण गावच्या शाळेकडं तेवढं लक्ष गेलं नाही, साक्षरता १९५१ मध्ये १८ टक्के होती ती १९६१ ला २८ पर्यंत आली, दहा वर्षात दहा टक्के, एवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला यातलं एकही माहीत नाही.

भारतरत्नाचं थोडक्यात. १९५५ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते, आणि पंतप्रधानांची शिफारस न घेता आपण स्वतःहून हे करतोय असं त्यांनी स्वतः जाहीर सांगितलं होतं. नेहरूंनी नको म्हणायला पाहिजे होतं असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन, पण स्वतःच स्वतःला घेतलं हे धादांत खोटं.

गोव्यावर मात्र आपण बेळगावकरांनी तरी नीट बोलायला पाहिजे. उशीर झाला हे खरं, आणि त्या उशिराची किंमत माणसांनी मोजली, १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत गेले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा नेहरूंनी सैन्य आत घातलं नाही, नाकेबंदी केली, यावर त्या वेळीही लोक भडकलेले होते आणि त्यांचं भडकणं बरोबर होतं. पण शेवटी गोवा घेतला कुणी? डिसेंबर १९६१, ऑपरेशन विजय, मेजर जनरल कॅन्डेथ यांची १७ वी डिव्हिजन, आणि तिची जमवाजमव झाली कुठं तर आपल्या बेळगावात. आज्जी सांगायची की त्या थंडीत स्टेशनकडनं कॅम्पकडं रात्रभर मिलिटरीच्या गाड्यांची रांग तुटत नव्हती आणि गल्लीतल्या बायका पहाटे अंधारात उठून चहाच्या किटल्या घेऊन रस्त्यावर जायच्या, जवान चहा घ्यायचे पण कुठं निघालोय ते तोंडातनं काढायचे नाहीत, आणि गोव्याच्या हद्दीवरच्या अनमोडकडं सैन्य निघालंय म्हणजे काय हे आपल्या लोकांना कळायला वेळ लागत नव्हता. पोर्तुगाल नाटोमध्ये होता. अमेरिका आणि ब्रिटन युनोत आपल्या विरोधात ठराव घेऊन उभे राहिले, रशियानं व्हेटो वापरला म्हणून तो पडला. १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. तेव्हा पंतप्रधान नेहरूच होते, सरदार १९५० मध्येच गेले होते.

हिंदू कोड बिलानं, म्हणजे हिंदूंच्या लग्न-वारशाच्या नव्या कायद्यांनी, घरं फोडली म्हणे. माझ्या आत्याला विचारा. तिचा नवरा लवकर गेला, दोन पोरं पदरात, आणि आज्जाच्या माघारी वारसा लावताना तिचं नाव भावांच्या बरोबरीनं उताऱ्यावर चढलं ते १९५६ च्या वारसा कायद्यात मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे म्हणूनच. तेवढ्या जमिनीच्या जोरावर तिनं पोरं शिकवली. त्या दिवशी तलाठ्यापुढं बोट शाईत बुडवताना तिचा हात थरथरत होता, हे मी शेजारी उभा राहून बघितलंय. इथं नेहरूंना दोष द्यायचा तर उलट बाजूनं देता येतो. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला त्यात हे बिल रखडवल्याचं मोठं कारण होतं, ते एका कायद्यात होणार होतं ते निवडणुकीनंतर तुकडे करून ५५-५६ मध्ये झालं, आणि वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क मिळायला २००५ उजाडावं लागलं.

चीनबद्दल मला प्रतिवाद करायचाच नाही. १९६२ ला तयारी नव्हती, इशारे मिळूनही ऐकले नाहीत, जवान धड गरम कपडे नसताना बर्फात लढले. ही नेहरूंची चूक आहे आणि ती मोठी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या गावात राहून मी याच्यावर पांघरूण घालणार नाही.

आता आपलं बेळगाव. "एका रात्रीत सही" काही झाली नाही. डिसेंबर १९५३ मध्ये राज्यांची फेररचना ठरवायला फाजल अली आयोग नेमला, सप्टेंबर १९५५ ला अहवाल आला, पुढच्या वर्षी संसदेत कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, कर्नाटक हे नाव तर १९७३ मध्ये पडलं. आणि सरदारांचं म्हणाल तर भाषावार प्रांत आत्ता नकोत असं १९४९ मध्ये सांगणाऱ्या जेव्हीपी समितीत नेहरू, पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर वल्लभभाईच होते. ते असते तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही.

खरं गाऱ्हाणं यापेक्षा कितीतरी जड आहे आणि ते मेसेजमध्ये नाहीच. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यातच ठेवला, म्हणजे जिल्हा फोडता येत होता. मग खानापूर, निपाणी, बेळगावच्या आसपासची मराठी गावं का नाही? पुढं आंध्र आणि मद्रासच्या हद्दीचा वाद आला तेव्हा मध्यस्थ म्हणून नेमलेल्या पाटसकरांनी गाव हा घटक धरला, लोक कुठली भाषा बोलतात ते बघितलं, सलगता बघितली आणि तसा कायदा १९५९ मध्ये झाला, पंतप्रधान नेहरूच. तिथं जे चाललं ते इथं का चाललं नाही, याचं उत्तर त्यांनी द्यायला पाहिजे होतं आणि दिलं नाही. १६ जानेवारी १९५६ ला त्यांनी रेडिओवर मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी बेळगावात गोळीबार झाला आणि आपली माणसं पडली. त्यानंतर सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग आला तो १९६६ मध्ये, नेहरू गेल्यावर. दिल्लीत एकेक करून सगळ्या रंगांची सरकारं आली आणि गेली, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्या सगळ्यांची नावं या मेसेजमध्ये का नाहीत, हे हात जोडणाऱ्या काकांनी एकदा स्वतःला विचारावं.

मेसेजच्या शेवटी वीस जणांना पाठवा म्हणून लिहिलंय, मी पाठवला नाही, हेच लिहून ग्रुपवर टाकलंय. ज्यांना पटत नाही त्यांनी १७ जानेवारीला सकाळी हुतात्मा चौकात यावं, मी दरवर्षी असतो, तिथं उभं राहून बोलू.