रापण, माऊस आणि कंट्रोलर : काल बंदरावर रंगलेली गजाल

काल संध्याकाळी पाऊस जरा उघडला तसे आम्ही चौघं मालवणच्या बंदरावर जमलो. मासेमारी बंद असल्याने होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवलेल्या, त्यातल्याच एकीच्या आडोशाला बसलो. नित्या मुंबईहून चार दिवस सुट्टीवर आलाय आणि येताना एक्सबॉक्स, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल, घेऊन आलाय, त्याने सहज म्हटलं की टीव्हीवर कंट्रोलरने, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या बटणांच्या पॅडने, एज ऑफ एम्पायर्स हा गाव वसवून सैन्य लढवायचा गेम मस्त चालतो. झालं, बाबल्या उसळलाच. "माऊस नाय तर तो गेम कसलो? उगाच काय पण सांगू नको."

बाबल्याचं म्हणणं मी नीट मांडतो, कारण त्यात दम आहे आणि मलाही ते बरीच वर्षं पटत होतं. रिअल टाइम स्ट्रॅटेजीत, म्हणजे पाळी न लावता सगळे एकाच वेळी खेळतात अशा या युद्धाच्या गेममध्ये, तुम्ही सेकंदासेकंदाला युनिट, म्हणजे सैनिक, रणगाडे, कामकरी, निवडता, पाठवता, परत फिरवता. माऊसने चौकट ओढली की वीस माणसं एका झटक्यात हातात येतात, तेच काम अंगठ्याने कंट्रोलरवरची छोटी काठी ढकलत करायचं म्हणजे कर्सर नेमका पुढे निघून जातो, मागे आणला की मागेच राहतो. आणि त्याने पुरावाही दिला. स्टारक्राफ्टसारखा गेम, ज्याच्या स्पर्धा कोरियात टीव्हीवर दाखवायचे, तो 2000 साली निन्टेन्डो 64 या कन्सोलवर आणला. मिशन सगळी होती, मेमरी वाढवणारा एक्स्पान्शन पॅक लावला तर ब्रूड वॉर या पुढच्या भागाचीसुद्धा, पण ऑनलाइन नाही, एकाच टीव्हीचे दोन तुकडे करून दोघांनी खेळायचं. म्हणजे समोरच्याचं सैन्य कुठे आहे ते तुम्हाला शेजारच्या अर्ध्या पडद्यावर दिसतंय, मग लपून हल्ला कसला करणार!

इथपर्यंत मला मान्य आहे. पण मी त्याला विचारलं, ही चौकट ओढायची पद्धत आली कधी? 1992 चा ड्यून 2, ज्याच्यावरून हा सगळा प्रकार उभा राहिला, त्यात चौकट नव्हतीच. एकेक रणगाडा निवडायचा, एकेकाला हुकूम द्यायचा. म्हणूनच तो पुढे मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर आला तेव्हा पॅडवरही चांगला खेळता यायचा, कारण माऊसवाल्यालासुद्धा एका वेळी एकच युनिट मिळत होतं. आणि त्याच्याही आधी 1989 मध्ये मेगा ड्राइव्हवरच हर्झोग त्स्वाई होता, त्यात तुम्ही स्वतः एक विमान, खाली उतरलं की रोबो, आणि युनिट विकत घेऊन उचलून नेऊन टाकायचे, कर्सरची गरजच नाही. म्हणजे हा प्रकार मुळात माऊसचा आणि कन्सोलवर नंतर लादला असं नाहीये, माऊसभोवती वाढलेले गेम तसेच उचलून कन्सोलवर टाकले आणि तिथे फसले.

नित्या हेलो वॉर्सचा भक्त. 2009 मध्ये एन्सेम्बल स्टुडिओजने, म्हणजे एज ऑफ एम्पायर्सवाल्यांनीच, तो एक्सबॉक्स 360 साठी केला. एक बटण दाबलं की सगळं सैन्य, दुसरं दाबलं की पडद्यावर दिसतंय तेवढंच. बटण दाबून धरून फिरवलं की ब्रश मारल्यासारखी युनिट गोळा होतात, बांधकामाला गोल मेन्यू. तळ ठरलेल्या जागीच उभा राहतो, त्यामुळे एकेक इमारत कुठे ठेवू हा प्रश्नच काढून टाकला. दहा लाखांवर प्रती खपल्या. बाबल्या म्हणाला, "मगे तो स्टुडिओ बंद कित्याक झालो?" तर तो बंद करायचा निर्णय गेम यायच्या आधीच, 2008 मध्ये जाहीर झाला होता, त्याचं खापर कंट्रोलरवर फोडता येत नाही.

खरी गंमत आली एज ऑफ एम्पायर्स 2 वरून, जो जानेवारी 2023 मध्ये एक्सबॉक्सवर आला. त्यात गावकऱ्यांसाठी प्राधान्य ठरवायची सोय आहे. तुम्ही सांगायचं, आता अन्नावर भर द्या, आता सोन्यावर, आणि नवे गावकरी आपापले कामाला लागतात. मी म्हटलं ही तर रापण झाली. होडी अर्धगोल मारून जाळं सोडते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि म्होरक्या फक्त ओढा किंवा थांबा म्हणतो, प्रत्येकाचा हात धरून शिकवत बसत नाही.

दादू तोपर्यंत गप्प होता. तो स्वतः रापणीला जातो आणि शाळेत असताना सायबर कॅफेत आमच्यात सगळ्यात भारी खेळायचा. तो म्हणाला, "रापणीत माणूस दोराची ओढ बघून आपणहून पाय बदलता रे, कोणी सांगूक लागत नाय. तुझो शेतकरी शेत संपला की उभोच रव्हता."

मला हा मुद्दा फार आवडला, कारण जुना गेम अगदी तसाच होता. 1999 मध्ये शेत संपलं की गावकरी ढिम्म उभा, तुम्ही तिकडे लढाईत आणि इकडे सहा जण रिकामे. 2000 च्या काँकरर्स या जोडभागात गिरणीत शेतांची रांग लावायची सोय आली आणि 2019 च्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीत शेत आपोआप पेरलं जायला लागलं, टेहळणीचा घोडेस्वारसुद्धा आपोआप फिरायला लागला. ही सगळी पीसीवरची गोष्ट, कंट्रोलरचा काही संबंध नव्हता तेव्हा. मग पीसीवर चालणारी मदत कन्सोलवर आली की गेम मेला असं कसं म्हणता येईल? निर्णय तर तुमचेच राहतात, कधी सोन्याकडे वळायचं, कधी किल्ला टाकायचा, फक्त क्लिक कमी झाले.

आणि अजून एक. नित्याचा दहावीतला भाचा परवा त्याच एक्सबॉक्सवर खेळत होता. पोराने आयुष्यात माऊस धरलेला नाही, सगळं फोनवर, दोन अंगठ्यांनी. अर्ध्या तासात त्याने लाकूड, अन्न, बरॅक सगळं लावलं, एकदाही अडला नाही. आपल्या गावात आता घरी पीसी कोणाकडे आहे सांगा? टीव्ही प्रत्येकाकडे आहे. हा प्रकार जगायचा असेल तर या पोरांच्या हातात जायला हवा असं मला मनापासून वाटतं.

बाबल्या मात्र हटला नाही. "भिंत कशी बांधतलस? आणि दोन ठिकाणी एकाच टायमाक मारामारी लागली तर?" दुसऱ्याचं उत्तर नित्याकडे थोडंफार होतं, बटणाने इकडून तिकडे उडी मारायची. भिंतीचं नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. मी स्वतः नित्याच्या घरी गेममध्ये लाकडी कुंपण घालायला बसलो होतो, झाडाला लागून एक चौकोन मोकळा राहिला, कर्सर एकदा अलीकडे एकदा पलीकडे, तेवढ्यात शत्रूचे घोडेस्वार त्याच फटीतून आत.

सर आली म्हणून उठलो. रविवारी नित्याकडे जमायचं ठरलंय, बाबल्या आपला माऊस घेऊन येतो म्हणाला, एक्सबॉक्सला तोही चालतो. दादू म्हणाला, मला कंट्रोलरच द्या.