मेंढीची बाटली, लसूण आणि कुत्र्याचा गोचीड ताप

कराड-विट्याकडच्या ग्रुपांवर महिनाभर फिरणारा तो मेसेज आता मामांनीही पाठवलाय. खाली विचारलंय, ‘मोत्याला देऊन बघू का?’ मामा, अजिबात नको. मेसेज थोडक्यात असा: कुत्र्याला गोचीड ताप आला की मेंढ्यांच्या आयव्हरमेक्टिनच्या (जंतांवरच्या औषधाच्या) बाटलीतलं १ मिली टोचा, नोबेल मिळालेलं औषध आहे, अपाय नाही. रोज लसूण चारा. रक्ततपासणी ही डॉक्टरांची कमाई. कुत्र्याला औषधानं धुतलं की गोचीड संपली. मांजरालाही हेच चालतं.

नोबेलचं खरं आहे, तेवढं मान्य. २०१५ साली विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना ते मिळालं, पण गोलकृमींमुळे होणाऱ्या रोगांवरच्या औषधासाठी; माणसांतला हत्तीरोग त्यातलाच. कुत्र्याच्या खरजेवरही आयव्हरमेक्टिन चालतं. गोचीड ताप हा कृमींचा रोग नाही; तो गोचिडीतून रक्तात येणाऱ्या बेबेसिया, एर्लिकिया अशा सूक्ष्म जंतूंमुळे होतो. बेबेसिया तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो, एर्लिकिया पांढऱ्या पेशीत वाढतो. दोघांतल्या एकालाही हे औषध मारत नाही. अंगावरच्या गोचिडी मारायलाही कुत्र्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे धोका पत्करायचा तो कशासाठी, हाच प्रश्न आहे.

आता ते १ मिली. मेंढ्यांना टोचायची बाटली सहसा १ टक्क्याची असते, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. मेंढीला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम द्यायचं असतं, त्या हिशेबानं १ मिली हा ५० किलो वजनाचा डोस. तोच १० किलोच्या कुत्र्याला टोचला की पाचपट झाला. ३ किलोच्या पिल्लाला टोचला तर सोळापटीहून जास्त. वजन न विचारता डोस सांगणारा मेसेज इथंच फाडून टाकायला हवा होता.

‘आमच्या शेजाऱ्यानं दिलं, काही झालं नाही’ हे उत्तर येणारच. नसेल झालं. बीगल जातीच्या निरोगी कुत्र्यांनी किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंतचा डोस पचवलेला आहे. त्यापुढे बाहुल्या विस्फारतात, ५ मिलिग्रॅमला थरथर सुरू होते. दांडगा गावठी कुत्रा निभावून जातो आणि मेसेज पुढं सरकतो. कोली जातीचा कुत्रा मात्र किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या पुढेच कोसळू शकतो. याचं कारण २००१ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं: मेंदूत शिरू पाहणारं औषध परत बाहेर फेकणारं एक प्रथिन असतं, त्याच्या एमडीआर-१ या जनुकातली चार अक्षरं या कुत्र्यांत गळालेली असतात. दोन्ही प्रती सदोष असल्या की औषध मेंदूत साचत जातं. हा दोष ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी आणि काही जर्मन शेफर्डमध्येही सापडतो. आपल्याकडं बाजारात ‘जर्मन’ म्हणून खपवलेल्या पिल्लाचा आजा कोण, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लाळ गळणं, झोकांड्या, दिसेनासं होणं, मग बेशुद्धी, असा क्रम असतो. यावर नेमका उतारा नाही. सलाइनवर ठेवायचं, कूस बदलत राहायची, श्वासाकडं लक्ष द्यायचं. यात कधी कधी आठवडे जातात.

लसूण. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, पेशी फुटतात, रक्त कमी होतं. एखादी पाकळी मोठा कुत्रा पचवेलही. पण बेबेसियानं आधीच हिरड्या पांढऱ्या पडल्यात, लघवी कॉफीसारखी होतेय, आणि तुम्ही उरलेल्या पेशी फोडायला रोज लसूण घालताय!

तपासणी लागते, कारण गोचीड ताप हा एक रोग नव्हे. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन, किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. तीन दिवसांत कुत्रा खायला लागतो आणि मालक गोळ्या थांबवतो, मग रोग उलटतो. गोळी कोरडी घातली तर अन्ननलिकेला चिकटून जखम करते, वरून पाणी किंवा घास हवाच. मोठ्या आकाराच्या बेबेसियाला इमिडोकार्ब, १४ दिवसांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं. लहान आकाराच्या बेबेसिया गिब्सोनाय याला मात्र ते पुरत नाही; त्याला अ‍ॅटोव्हॅक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १० दिवस. यातलं कुठलं औषध द्यायचं, ते लक्षणांवरून कळत नाही. कानाच्या टोकाला टोचून घेतलेल्या रक्ताची स्लाइड, आणि जांभळ्या बुचाच्या नळीत पेशी मोजायला रक्त, दोन्ही औषधाच्या पहिल्या डोसाआधी घ्यावं. स्लाइडवर काही दिसलं नाही म्हणून रोग नाही असं नसतं, तेव्हा पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, करावी लागते. खर्च होतो, हे खरंय. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जमेल त्यानं तिथं न्यावं.

कुत्र्याला धुऊन गोचीड का संपत नाही? कारण बहुतेक गोचिडी त्या वेळी कुत्र्यावर नसतातच. कुत्र्यावरच्या गोचिडीची ही जात आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरते. भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, दगडी जोत्याच्या सांध्यात हजारो अंडी घालते. भेगा सिमेंटनं बुजवा, फवारणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा, आणि कुत्र्याला फ्लुरालॅनरसारखी गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या. ती १२ आठवडे चालते. फिट येणाऱ्या कुत्र्याचं तसं आधी सांगा. रोज गोचिडी वेचणंही चांगलंच, बेबेसिया अंगात उतरायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. एर्लिकिया मात्र काही तासांतच उतरतो. वेचताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल नको, काडीचा चटका नको.

मांजराचं तर विचारूच नका. कुत्र्यासाठीच्या, गोचीड मारणाऱ्या पर्मेथ्रिनच्या औषधानं मांजराला झटके येतात, आणि कांदा-लसूण त्याला कुत्र्याहून लवकर बाधतो.