‘बांगलादेशचा कांदा बंद करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘बांगलादेशला कांदा देणं बंद करा, इथे स्वस्त होईल आणि त्यांना अद्दल घडेल,’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. कांदा पिकवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातली माणसंही तो पुढे पाठवतात, याचं जास्त वाईट वाटतं.

आधी स्वस्ताईचं बघू. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला निर्यातबंदी झाली. तरी डिसेंबरात किरकोळ बाजारात कांद्याने शंभरी ओलांडली, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने खरिपाचा माल शेतातच सडला होता. जो माल पिकलाच नाही, तो बंदीने कुठून येणार? शेवटी आपणही इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा मागवला. ढाक्यात किलोला २०० टाक्यांवर भाव गेल्याने बांगलादेशही तेव्हा त्याच देशांकडून माल उचलत होता.

‘माल देशात राहिला तर बिघडलं काय?’ बिघडतं ते शेतकऱ्याचं. २०२२-२३ मध्ये उत्पादन सुमारे ३०० लाख टन होतं, निर्यात २५ लाख. एवढ्याने देशाचं ताट रिकामं होत नाही, पण बाजार समितीतला भाव मात्र याच मालावर हलतो. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी ऐन लाल, म्हणजे खरिपाच्या कांद्याच्या आवकेत आली. लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, महिनोन्‌महिने टिकत नाही. काढला की ट्रॉली भरून मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. शहरात काही आठवडे कांद्याचा भाव उतरला, हे खरं. पण त्याची किंमत नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांनी मोजली.

आणि अद्दल? सप्टेंबर २०२० मध्ये एका दिवसात बंदी आली, तेव्हा बंगालच्या सीमेवर ट्रक अडकून कांदा सडला. तो माल आपला होता. बांगलादेशाने म्यानमार, पाकिस्तान, इजिप्तकडे मागणी वळवली आणि स्वतःची लागवडही वाढवली. भारतीय कांद्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपण असं दूर लोटलं. मार्च २०२४ मध्ये बंदी असतानाही सरकारलाच तिथे ५०,००० टन पाठवायची परवानगी द्यावी लागली.

ढाक्याने डिसेंबर २०२२ मध्येच तांदूळ, गहू, साखर, कांद्याचा वर्षाचा कोटा ठरवून मागितला होता. उन्हाळी कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत लागतात. किती माल जाणार हे तेव्हाच कळलं, तर लागवड त्या हिशोबाने होईल. त्याऐवजी वर्षभरात सरसकट बंदी आली.