दर्जा दिला म्हणे

आज संध्याकाळी एका कलारसग्रहणाच्या व्याख्यानाला गेले होते आणि घरी आल्यापासून डोकं ठणकतंय. कुठे आणि कोणाचं ते लिहीत नाही, वक्ते वयाने मोठे आहेत, वाचन आहे, स्लाइड्सही सुंदर होत्या. विषय क्युबिझम, म्हणजे वस्तू मोडून सपाट कोनाकोनांत मांडणारी चित्रशैली. सगळं छान चाललेलं, आणि मग पिकासोचं १९०७चं ते 'आविन्योंच्या तरुणी' आलं पडद्यावर, उजवीकडच्या दोघी, चेहरे मुखवट्यासारखे, आणि शेजारी एका मुखवट्याचा फोटो. पिकासोखाली नाव, साल, माप, आता कुठल्या म्युझियममध्ये आहे ते, सगळं. मुखवट्याखाली दोन शब्द. 'आफ्रिकन मुखवटा'. बास. एवढा मोठा खंड आणि त्याला दोन शब्द. आणि मग वक्ते म्हणाले, "पिकासोने या वस्तूंना कलेचा दर्जा मिळवून दिला." आणि हॉलभर टाळ्या.

मी नाही वाजवल्या. पण उठून बोललेही नाही, घसा कोरडा पडला. म्हणून आता इथे लिहितेय, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, लांबलं तर लांबलं.

दर्जा मिळवून दिला म्हणे. कोणी कोणाला?

मला त्या क्षणी आई आठवली. २०१८च्या जूनमध्ये आम्ही धाकट्या भावाकडे एडिसनला गेलो होतो, तेव्हा एक दिवस न्यूयॉर्कला मेट म्युझियम बघायला नेलं होतं तिला. आईचे पाय दुखत होते, मला मात्र कधी एकदा पिकासो बघते असं झालेलं. आफ्रिकेच्या दालनातून आम्ही नुसतं पलीकडे जायचं म्हणून चाललो होतो. आणि आई थांबली. काचेत एक डोकं होतं, लाकडाचं, काळंभोर, लांब मान, मोठं गोल कपाळ. अंगावर अशी चकाकी की आत्ता कोणी हात फिरवून गेलंय. आई जवळ गेली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "अगं, ह्याला तेल घातलेलं आहे. एका दिवसाचं नाही हे, वर्षानुवर्षांचं तेल आहे."

आणि मग म्हणाली, "हा यांच्या घरातला वीर दिसतोय."

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे ज्या घरात पूर्वी कोणी लढाईत किंवा अवेळी गेलेलं असतं त्याचा टाक देवघरात असतो, त्याला वीर म्हणतात. धुळवडीला त्याला देवघरातून काढून वाजतगाजत रामकुंडावर नेतात, गोदावरीत आंघोळ घालतात, वाटेत वीर नाचवतात. आमच्याही घरात एक आहे. सिन्नरकडच्या गावातून आजोबा नाशिकला आले तेव्हा भांडीकुंडी मागाहून आली, हा टाक मात्र आजीने फडक्यात बांधून स्वतःजवळ ठेवून आणला होता. नाकडोळे झिजून गेलेत त्याचे. कोणाला दाखवला तर म्हणेल चांदीचा चपटा तुकडा आहे.

आता ऐका, ते डोकं काय होतं. ते फांग लोकांचं, गॅबॉन, इक्वेटोरियल गिनी, कॅमेरूनचा दक्षिण भाग तिकडचे हे लोक. ही माणसं गावं हलवत राहायची आणि गाव हलवलं की पूर्वजांची थडगी मागे राहणार, म्हणून मग कुळातल्या मोठ्या माणसांच्या कवट्या, हाडं झाडाच्या सालीच्या पेटीत ठेवायची आणि पेटी सोबत न्यायची. त्या पेटीवर राखण करायला ही मूर्ती किंवा नुसतं डोकं. लांब मान कशाला, तर ती पेटीत खोवायची असते. ब्येरी म्हणतात या सगळ्याला. तिला तेल चोळायचे, इतकं की त्यातल्या काही मूर्तींमधून अजून, शंभर वर्षांनी, म्युझियमच्या एसीत बसूनसुद्धा तेल पाझरतं. आणि दीक्षेच्या विधीत मूर्ती पेटीवरून काढून पडद्याआडून बाहुलीसारखी नाचवायचे.

नाचवायचे! हे मी पुढे कितीतरी महिन्यांनी वाचलं आणि हातातलं पुस्तक खाली ठेवलं. आईला यातलं काहीही माहीत नव्हतं, सातवी शिकलेली बाई, तिने नुसतं तेल बघितलं आणि नातं ओळखलं.

आणि मी, आर्ट टीचर डिप्लोमा झालेली, वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवणारी, मी काय म्हणाले? "आई, चल ना, लोक बघतायत, पुढे पिकासो आहे." कारण तिने तिथे हात जोडले होते.

हे लिहिताना आत्ताही लाज वाटते मला. म्हणजे आज ज्या वक्त्यांचा राग आलाय तेच मी केलं होतं, तेही स्वतःच्या आईला.

असो. मुद्दा दर्जाचा. १९०६ साली चित्रकार मातीसने पॅरिसच्या र्‍यू द रेनवरच्या एका दुकानातून काँगोच्या विली लोकांची एक छोटी मूर्ती विकत घेतली आणि ती लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या घरी पिकासोला दाखवली. त्याच सुमाराला देरँ या चित्रकाराने व्लामँक या दुसऱ्या चित्रकाराकडून फांग मुखवटा घेतला. पुढच्या वर्षी पिकासो पॅरिसमधल्या त्रोकादेरोच्या म्युझियममध्ये गेला, तिथे कुबट वास, धूळ, त्याला पळून जावंसं वाटलं पण पाय निघेना. नंतर त्यानेच सांगितलंय की हे मुखवटे बाकीच्या शिल्पांसारखे नव्हते, त्या मंतरलेल्या वस्तू होत्या, आणि 'आविन्योंच्या तरुणी' हे त्याचं भूत उतरवण्यासाठी काढलेलं पहिलं चित्र. म्हणजे बघा, पिकासोला स्वतःला कळलं होतं की समोर काय आहे. दर्जा बिर्जा देण्याच्या पोझिशनमध्ये तो नव्हताच, तो घ्यायला आला होता! १९१२ची त्याची ती पुठ्ठ्याची गिटार घ्या, तिचं भोक नळकांडं होऊन पुढे आलंय. ते कुठून आलं तर त्याच्याकडे पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो लोकांचा मुखवटा होता, त्याचे डोळे असेच नळकांड्यासारखे बाहेर. खोलगट जागा दाखवायची तर उंचवटा करायचा, ही युक्ती कोणातरी ग्रेबो कारागिराच्या डोक्यातली आहे आणि आधुनिक शिल्पकला त्यावर केवढी पुढे गेली.

आणि १९२० साली याच माणसाला आफ्रिकन कलेबद्दल विचारलं तर म्हणे, "निग्रो कला? माहीत नाही!"

माहीत नाही!! घरात भरून ठेवलेत मुखवटे.

बरं, कोणीतरी म्हणेल की पिकासो, मातीस नसते तर युरोपने या मूर्ती नुसत्या कुतूहलाच्या वस्तू म्हणून धूळ खात ठेवल्या असत्या. हो, तेही खरं आहे, मान्य. पण मग वाक्य असं हवं ना की पिकासोमुळे युरोपचे डोळे उघडले. मूर्तीला काय फरक पडला? आमच्या वीराला कोणी चित्रकाराने बघितलं नाही म्हणून त्याचा दर्जा अडलाय का कुठे?

खरा संताप मला संग्राहकांचा येतो. पॉल गिय्योम नावाचा मोठा डीलर होता पॅरिसला. सुरुवातीला मोटारीच्या गॅरेजमध्ये नोकरी करायचा आणि तिथे रबराच्या खेपेबरोबर आलेली आफ्रिकन मूर्ती त्याने काचेत मांडली, तिथून सगळं सुरू झालं असं सांगतात. रबराच्या खेपेबरोबर, लक्षात घ्या, ते रबर तिथल्या लोकांकडून कसं जबरदस्तीने काढून घेतलं जायचं त्या काळात तेही आठवा. मग गिय्योमकडून डॉक्टर बार्न्ससारखे अमेरिकन श्रीमंत घ्यायला लागले. आईने हात जोडले ते डोकंही याच गिय्योमकडे होतं, मग शिल्पकार जेकब एपस्टाइनकडे, शेवटी रॉकफेलरांकडून मेटकडे. मालकांची वंशावळ तोंडपाठ आहे जगाला. ज्याने कोरलं त्याचं नाव? ज्या कुळाची पेटी होती त्या कुळाचं नाव? पेटीतली हाडं कुठे गेली?

यातली एक गोष्ट मला झोपू देत नाही. पेटी गेली, मग या मूर्ती उभ्या कशा राहणार, तर पॅरिसमध्ये एक जपानी कारागीर होता, कीचिझो इनागाकी, तो त्यांना लाकडाच्या सुंदर बैठका करून द्यायचा. अप्रतिम काम, आणि बैठकीवर त्याचा शिक्का असायचा. आज त्या शिक्क्यामुळे मूर्तीची किंमत वाढते. बैठक करणाऱ्याचं नाव आहे. मूर्ती करणाऱ्याचं नाही. इनागाकीचा दोष नाही यात काही, त्याने आपलं काम चोख केलं. पण विचारायला हवं होतं ना कोणीतरी, घेताना, की बाबा हे कोणी केलंय?

आणि "तिथे कलाकाराला नावच नसायचं, सामूहिक कला असते" हे मला प्लीज सांगू नका. नायजेरियात योरुबा लोकांमध्ये इसेचा ओलोवे होऊन गेला, १९३८ साली वारला, म्हणजे अगदी पिकासोच्या काळातला. राजेलोक त्याला बोलावून राजवाड्याचे दरवाजे, खांब कोरून घ्यायचे. त्याने इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेला दरवाजा १९२४ला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात ठेवला होता. ब्रिटिश म्युझियमला तो हवा होता, राजाने विकायला नकार दिला, शेवटी बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन घेतलं, आणि ओलोवेने राजवाड्यासाठी पुन्हा नवा दरवाजा कोरला. इकेरेत सगळ्यांना ठाऊक होतं कोणी कोरलाय ते. लंडनमध्ये तेव्हा कोणी विचारलं नाही, म्हणून तो 'अज्ञात'. अज्ञात कोणाला?

१९१४ साली न्यूयॉर्कला फोटोग्राफर स्टिग्लिट्झच्या गॅलरीत जे प्रदर्शन झालं त्याच्या नावातच होतं, आफ्रिकन रानटी लोकांची लाकडी शिल्पं, आधुनिक कलेचं मूळ. एका दमात रानटी पण म्हणायचं आणि मूळ पण म्हणायचं. सत्तर वर्षांनी, १९८४ला मोमामध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये, मोठं प्रदर्शन झालं, मुखवटे आणि पिकासो शेजारी शेजारी, तेव्हाही आधुनिक चित्राला साल आणि मुखवट्याला साल नाही, जसं काही ते काळाच्या बाहेर झाडावर उगवलेत. त्यावरून बरीच भांडणं झाली आणि १९८९ला पॅरिसमध्ये जे प्रदर्शन भरलं त्यात जगभरातल्या जिवंत कलाकारांना त्यांच्या नावानिशी बोलावलं, त्यात आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे होते. नाव लिहिता येतं. अवघड नसतं ते.

आणि पैसा! २०२२ साली फ्रान्समध्ये माँपेलियेला एक फांग मुखवटा लिलावात ४२ लाख युरोंना गेला. न्गिल मुखवटा, न्यायनिवाडा करणाऱ्या संघाचा, पांढऱ्या मातीचा रंग. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात माळ्यावर पडलेला, घरातले कोणी पूर्वज तिकडे वसाहतीत अधिकारी होते त्यांनी आणलेला. त्यांनी जुन्या सामानवाल्याला १५० युरोंना दिला. मग ते कोर्टात गेले, आमची फसवणूक झाली म्हणून, आणि हरले. सगळीकडे बातमी काय, तर बिचारे आजीआजोबा. मलाही क्षणभर वाईट वाटलं त्यांचं, खोटं कशाला बोलू. पण लिलावाच्या हॉलमध्ये गॅबॉनची माणसं उभी राहून ओरडत होती की हा आमचा आहे, गॅबॉन सरकारनेही कोर्टात मागणी केली, तीही फेटाळली. त्यांच्यासाठी 'बिचारे' कोणी म्हटलं नाही.

हो, सगळंच काही लुटून नेलेलं नाही. फांग लोकांनी काही मूर्ती स्वतःहूनही विकल्या, कारण त्यांच्यासाठी पवित्र होती ती हाडं, मूर्ती नवीन करता यायची. पण मिशनरी आणि फ्रेंच अंमलदार त्या पेट्यांच्या मागे लागले होते, जाळत होते, जप्त करत होते, तेव्हा 'स्वतःहून' या शब्दाला किती अर्थ उरतो तुम्हीच सांगा. वर 'आम्ही नेल्या म्हणून वाळवीपासून वाचल्या' हे ऐकवायचं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला माझा. वक्ते वाईट नाहीत हो. मला शिकवलं तेच त्यांनाही शिकवलं असणार, माझ्याही पुस्तकात आफ्रिकन कला अर्धं पान होती आणि तेसुद्धा पिकासोच्या धड्यात.

त्या दिवशी आईला मी ओढतच नेलं शेवटी आणि पिकासोने केलेल्या गर्ट्रूड स्टाइनच्या पोर्ट्रेटसमोर उभं केलं. तीच गर्ट्रूड, जिच्या घरी मातीसने ती मूर्ती दाखवली होती. त्या चेहऱ्यावर प्रभाव आयबेरियन, म्हणजे प्राचीन स्पेनच्या, शिल्पांचा आहे, आफ्रिकन नाही, ते मला माहितीये, पण मी तेव्हा आईला काय काय समजावत होते, सपाट पातळ्या, मुखवट्यासारखा चेहरा, इथून सगळं बदललं वगैरे. आईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "चांगली काढलीय. दमलेली दिसतेय बाई." आणि मग विचारलं, "जाताना त्याच वाटेने जायचं ना?"

मी म्हणाले नाही, लिफ्ट इकडून जवळ आहे.

उद्या सातवी-ब चा तास आहे. फळ्यावर ओलोवेचं नाव लिहिणार आहे, आणि त्या दरवाज्याचा फोटो प्रिंट करून नेणार आहे, कलर कार्ट्रिज संपलंय घरात, कोपऱ्यावरच्या दुकानात सकाळी साडेआठच्या आत मिळालं तर बघते.