दार आपटण्याचा मान

विधानसभेत कुणी राजदंडाकडे झेपावलं की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या मावसभावाचा संदेश ठरलेला: "ताई, तुमच्या लंडनमध्ये असलं काही होतं का गं? तिथे बघ, चारशे वर्षांच्या परंपरा जपतात."

होतं की. १९७६ मध्ये मायकल हेझेल्टाइन या हुजूर पक्षाच्या नेत्यानं मतविभागणी (सभागृहातलं मोजून घेतलेलं मतदान) हरल्याच्या रागात हाउस ऑफ कॉमन्स या कनिष्ठ सभागृहातला राजदंड उचलून समोरच्या सरकारी बाकांपुढे नाचवला. पुढे तो उपपंतप्रधान झाला, पण 'टार्झन' हे नाव काही सुटलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रेक्झिटवरचं मतदान सरकारनं पुढे ढकललं, तेव्हा मजूर पक्षाचा एक तरुण खासदार तोच राजदंड उचलून चालू लागला. त्याला त्या दिवसापुरतं बाहेर काढलं. आपल्याकडे वर्षभराचं निलंबनही झालेलं आहे. २०२१ मध्ये बारा आमदारांचं गोंधळावरून तसं झालं आणि ते सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं.

तेव्हा शिस्तीचं कौतुक जरा बेतानं. कॉमन्समध्ये खासदार ६५० आणि बाकांवर जागा सव्वाचारशेच्या आसपास. म्हणून एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं इथे बाकावर एक छापील कार्ड ठेवून जागा धरतात. अट एकच, बैठकीच्या सुरुवातीच्या प्रार्थनेला हजर राहायचं. अर्थसंकल्पाच्या दिवशी भाविकांची गर्दी एकदम वाढते. ही प्रार्थना ते एकमेकांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून म्हणतात. कमरेला तलवार असताना गुडघे टेकता येत नसत, म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. कोट टांगायच्या खोलीत तलवार अडकवायला प्रत्येकाच्या खुंटीला अजून फीत बांधलेली असते. सभागृहात धूम्रपानाला १६९३ पासून बंदी आहे, पण दारावरच्या सेवकाकडे तपकिरीची डबी असते आणि ती खासदारांना फुकट. मला सगळ्यात आवडते ती टोपी. मतविभागणी चालू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा तर बसून आणि डोकं झाकून मांडायचा, असा नियम होता. त्यासाठी एक घडीची उंच टोपी सभागृहात ठेवलेली असे आणि ती हातोहात फिरे. ती सापडेपर्यंत काहीजण कामकाजपत्रिकाच डोक्यावर धरत. १९९८ मध्ये शहाणपण सुचलं आणि टोपी गेली.

ग्रुपवरची दुसरी बाजू माझ्या भाचीची. ती नागपूरला वकिली करते. तिच्या मते नव्या संसद भवनातला सेंगोल, म्हणजे तो तमिळ राजदंड, हा देखावा, आणि इंग्रजांचे झगे-दंड म्हणजे त्याहून जुना देखावा. "सगळे राजेशाहीचेच शौक, मावशी." तिचं म्हणणं मला अर्धंच पटतं. देखावा आहेच. प्रश्न आहे तो त्यात कमीपणा कुणाच्या वाट्याला येतो याचा.

राजाच्या भाषणानं अधिवेशन सुरू होतं तो दिवस घ्या. राजा लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहात बसतो आणि कॉमन्सला बोलावणं पाठवतो. ते घेऊन निघालेला अधिकारी म्हणजे 'ब्लॅक रॉड'. २०१८ मध्ये हे पद पहिल्यांदा एका बाईंकडे, सेरा क्लार्क यांच्याकडे आलं. हा अधिकारी दारापाशी पोचला की दार त्याच्या तोंडावर धाडकन लावून घेतात. मग त्यानं काळ्या दंडानं तीन वेळा ठोठावायचं, तेव्हा कुठे आत घेतात. कारण सरळ आहे. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स सैनिक घेऊन पाच खासदारांना पकडायला स्वतः सभागृहात घुसला होता. पाखरं आधीच उडाली होती. ती कुठे गेली असं त्यानं अध्यक्ष विल्यम लेंथॉल यांना विचारलं, तर ते गुडघे टेकून म्हणाले, हे सभागृह आज्ञा करील तेवढंच बघायला मला डोळे आणि तेवढंच बोलायला जीभ. त्यानंतर कुठल्याही राजा-राणीनं त्या सभागृहाच्या कामकाजात पाऊल टाकलेलं नाही. शिवाय राजा संसदेत असेपर्यंत सरकार पक्षाचा एक खासदार राजवाड्यात ओलीस राहतो. चहा-बिस्किटं मिळतात म्हणे, पण ओलीस तो ओलीसच.

म्हणजे या नाटकात अपमान करून घ्यायची भूमिका राजाची. ती दर अधिवेशनाच्या सुरुवातीला त्यानं मुकाट्यानं करायची. सेंगोलचं तसं नाही. २८ मे २०२३ रोजी मंत्रघोषात तो अध्यक्षांच्या आसनाशेजारी उभा केला गेला, पंतप्रधानांनी साष्टांग दंडवत घातला. १९४७ मध्ये त्याचा अर्थ नेमका काय होता यावर इतिहासकारांनी भांडावं. पण त्याच्यामुळे एकाही मंत्र्याला दारात तिष्ठावं लागत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, तेव्हाही तो तिथेच होता.

भाचीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मी स्वतःच सांगायला हवी. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन सरकारनं ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत संसद पाच आठवड्यांसाठी संस्थगित केली. मध्यरात्र उलटल्यावर ब्लॅक रॉड बोलावणं घेऊन आल्या. विरोधी खासदारांनी 'आवाज दाबला' अशा अर्थाचे कागद उंचावले, काहीजण अध्यक्ष जॉन बर्को यांना उठू न देण्यासाठी त्यांच्या खुर्चीभोवती आडवे आले. १६२९ मध्ये खासदारांनी सभा बंद पडू नये म्हणून अध्यक्षांना असंच खुर्चीत दाबून धरलं होतं, त्याचीच ही आठवण. पण शेवटी बर्को उठले, गेले, संसद बंद झाली. शतकानुशतकांचं दार आपटणं त्या रात्री कामी आलं नाही. कामी आलं सर्वोच्च न्यायालय. २४ सप्टेंबरला अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ती कृती बेकायदा ठरवली आणि दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं.

तरीही अध्यक्षांच्या बाबतीत इथल्या रिवाजाला मी मानते. नव्या अध्यक्षाला दोघं-तिघं खासदार ओढत खुर्चीकडे नेतात आणि तो नको-नको केल्यासारखं करतो. पूर्वी राजाला नको ते ऐकवण्याचं काम अध्यक्षाचं असे आणि त्या काळात सात अध्यक्षांची मुंडकी उडाली, हे लक्षात घेतलं तर त्यात नाटक थोडं कमी वाटतं. खरा मुद्दा पुढचा आहे. अध्यक्ष झाला की तो पक्ष सोडतो, कायमचा. पुढच्या निवडणुकीत 'अध्यक्ष' म्हणूनच उभा राहतो आणि मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. २०२४ मध्ये चॉर्लीत सर लिंडसे हॉइल असेच निवडून आले. चॉर्लीच्या मतदारांना पक्ष निवडायची संधीच मिळत नाही, ही त्यातली खोट, आणि ती लहान नाही.

आपल्याकडे हे रुजू शकलं असतं. १९५२ मध्ये लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली. अहमदाबादचे दादासाहेब मावळणकर ३९४ मतांनी जिंकले, शेकापचे शंकरराव मोरे यांना ५५ मिळाली. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी अध्यक्ष झाल्यावर काँग्रेसचा राजीनामा दिला. २००८ मध्ये सोमनाथ चटर्जींनी पक्षाचा आदेश असूनही खुर्ची सोडली नाही, तर पक्षानं त्यांनाच काढून टाकलं. एकेक माणूस वागून गेला, पाठोपाठ कुणी आलं नाही. आणि उपाध्यक्षपद? तिथे परंपरेचाही प्रश्न नाही, ते राज्यघटनेच्या ९३ व्या कलमातच आहे. तरी २०१९ ते २०२४ ही अख्खी सतरावी लोकसभा उपाध्यक्षाविना संपली. कॉमन्समध्ये तीन उपाध्यक्ष असतात, सभागृह त्यांना मतदानानं निवडतं, आणि अध्यक्ष धरून चौघांत दोन्ही बाजूंचा तोल सांभाळतात.

"तू तिकडे बसून कशाला शिकवतेस?" हेही ग्रुपवर येतंच. रास्त आहे. माझी तर गंमतच आहे. भारतीय पासपोर्टवर, राष्ट्रकुलाची नागरिक म्हणून, मी हॅरोमध्ये ब्रिटिश खासदार निवडते. महाराष्ट्रात मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून केंद्रावर हजर व्हावं लागतं. त्यामुळे फुकटचा सल्ला देते तो थोडक्यात.

टोपी, तपकीर, तलवारीच्या फिती इथेच राहू देत. न्यायचीच तर मतविभागणी न्या. लोकसभेत मतदान बसल्या जागी बटण दाबून होतं. इथे घंटा वाजली की आठ मिनिटांत दोनपैकी एका दालनातून चालत जावं लागतं, पंतप्रधानालासुद्धा. वेळखाऊ आहे, लोक वैतागतात, पण त्या गर्दीत मागच्या बाकावरचा कुणीही मंत्र्याला गाठून आपल्या भागातल्या रुग्णालयाचं गाऱ्हाणं सांगू शकतो. त्याला पीएची परवानगी लागत नाही.

आणि खास आपली एक परंपरा थोडी वळवून घ्या: अधिवेशनाच्या आदल्या दिवशीचं चहापान. मुख्यमंत्री बोलावतात, विरोधक बहिष्कार घालतात, पक्ष बदलले तरी पत्रकाची भाषा तीच. यजमानपदच विरोधी पक्षनेत्याकडे द्यावं. आख्ख्या मंत्रिमंडळानं त्याच्या दारात जावं, त्यानं वाटलं तर थोडा वेळ दार लावून घ्यावं, मग चहा द्यावा. एवढंच की त्यासाठी आधी विरोधी पक्षनेता लागतो, आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर आपल्या विधानसभेत ती खुर्ची महिनोन् महिने रिकामी होती.