‘सुपर रोबोट वॉर्स’वरचा फॉरवर्ड आणि १८ मीटरची थाप

भाच्यानं मला एक फॉरवर्ड पाठवला, खाली स्वतःची ओळ जोडून: “मामा, बरं झालं घेतली नाही. तू उगाच पैसे घालवायला सांगत होतास.” पोरगा पॉकेटमनी साठवून ‘सुपर रोबोट वॉर्स वाय’ घेणार होता. तो फॉरवर्ड मी वाचला आणि डोकं तापलं. मग कळलं की हा मजकूर त्याच्या कॉलेजच्या तीन-चार ग्रुपांवर फिरून आलाय. म्हणजे एकट्या भाच्याला समजावून भागणार नाही, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना ही गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेगवेगळ्या जपानी ॲनिमे मालिकांतले अवाढव्य रोबोट एकाच कथेत येतात. चौकोन आखलेल्या नकाशावर आपण त्यांना पाळीपाळीनं हलवायचं, हल्ला कुणी कुणावर करायचा ते ठरवायचं. मॅझिंगर झेड, गेटर रोबो आणि गंडाम ही मूळ त्रयी. त्यांच्याभोवती दर भागात नव्या मालिका गोळा होतात.

फॉरवर्डचं म्हणणं असं: ही चाहत्यांनी चोरून केलेली खिचडी आहे. सगळे रोबोट एकाच मापाचे काढलेत, म्हणजे बनवणाऱ्यांना अक्कल नाही. डोकं लागतच नाही, नुसती ॲनिमेशन बघायची. मेलेली पात्रं जिवंत करून मूळ लेखकांचा अपमान केलाय. तीसच्या तीस भाग क्रमानं खेळावे लागतात आणि सगळ्या मालिका आधी पाहाव्या लागतात. शेवटी, अधिकृत इंग्रजी आवृत्ती कधी आलीच नाही, म्हणून ‘ही लिंक घ्या’.

‘चाहत्यांची खिचडी’ हा मुद्दा दोन मिनिटांत निकालात निघतो. पहिला भाग २० एप्रिल १९९१ ला निन्टेंडोच्या गेम बॉयवर आला, बॅनप्रेस्टो या कंपनीचा. आज मालिका बांदाई नामकोकडे आहे. गेमवर हक्कधारकांची नावं छापलेली असतात: मॅझिंगरचे जनक गो नागाई यांची डायनॅमिक, गंडामचे सोत्सू आणि सनराइज, तोएई ही ॲनिमे कंपनी, आणि पुढे रांगच. या सगळ्यांची परवानगी घेतल्याशिवाय एक भाग निघत नाही. ‘चोरून’ म्हणणाऱ्यानं गेम उघडून तेवढं तरी वाचायचं होतं.

आता मापाचा मुद्दा. फॉरवर्डमध्ये यासाठी खास चित्र जोडलंय: मॅझिंगर आणि गंडाम शेजारी शेजारी, उंची सारखी, वर लाल अक्षरांत “एवढा अजस्र मॅझिंगर आणि हा गंडाम एकाच उंचीचे!!! हसावं का रडावं?”

हसा. कारण ते एकाच उंचीचे आहेतच. मॅझिंगर झेड मूळ मालिकेत १८ मीटर आहे आणि १९७९ चा पहिला गंडामही १८ मीटर. पन्नासेक वर्षांपासून छापून आलेले आकडे आहेत हे. सगळ्या रोबोटांमधून उदाहरण म्हणून नेमकी हीच जोडी उचलावी, याला काय म्हणायचं? कॉम्बॅटलर व्ही घेतला असता तर निदान वाद घालता आला असता. तो ५७ मीटर उंच आणि ५५० टन वजनाचा, हे त्या १९७६ च्या मालिकेच्या शेवटी वाजणाऱ्या गाण्यातच गाऊन सांगितलंय. गेटर-वन ३८ मीटर. इडिऑन १०५ मीटर. उलट टोकाला डनबाइन जेमतेम ६.९ मीटरचा. हे सगळे पडद्यावर मोठं डोकं, छोटं अंग अशा बुटक्या रूपात दिसतात हे खरं. त्या शैलीला ‘एसडी’ म्हणतात. बॅनप्रेस्टोच्या याआधीच्या गेम्समध्ये अल्ट्रामॅन, कामेन रायडर आणि गंडाम याच बुटक्या रूपात एकत्र आले होते. त्यातून गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, तोही रंगाविना. त्यावर ५७ मीटर आणि ६.९ मीटर एका प्रमाणात काढले असते तर डनबाइन म्हणजे एक ठिपका उरला असता.

बरं, बनवणाऱ्यांना हे सुचलंच नाही असंही नाही. १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर ‘शिन सुपर रोबोट वॉर्स’ आली, तिच्यात रोबोट खऱ्या प्रमाणबद्ध अंगयष्टीचे होते. करून पाहिलं. पुढच्याच वर्षी ‘एफ’मध्ये परत बुटके रोबोट आले आणि मुख्य मालिका आजही त्याच वाटेवर आहे. म्हणजे तो अज्ञानातून आलेला प्रकार नाही, पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय आहे.

आणि खरी गंमत पुढेच. आकाराचा फरक गेममध्ये आहे, फक्त तो चित्रात नसून नियमांत आहे. कुठलाही रोबोट निवडा, त्याच्या माहितीचं पान उघडा, एचपी (म्हणजे रोबोटचा जीव), एनर्जी, चिलखत यांच्याबरोबर आकाराचं एक अक्षर दिसेल. डनबाइनला एस, गंडाम आणि मॅझिंगरला एम, त्यावर एल, आणि त्याहून अवाढव्य गोष्टींना एलएल. हे अक्षर शोभेचं नाही. लहान निशाण्यावर नेम धरणं कठीण जातं. लहान रोबोटनं आपल्याहून मोठ्यावर वार केला तर नुकसान कापलं जातं. म्हणून तर अलीकडच्या भागांत हा फरक पुसून टाकणारं वेगळं कौशल्य असतं, आणि लहान रोबोट आवडणारे लोक ते आधी मिळवतात. ज्या माणसानं हे पान एकदाही उघडलं नाही, तो ‘मापाची अक्कल’ शिकवतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला.

‘डोकं लागत नाही’ या आरोपाचं उत्तरही त्याच पानात आहे. या गेमचं मर्म असं की प्रत्येक रोबोटचा मूळ मालिकेतला स्वभाव आकड्यांत उतरवलाय. मॅझिंगरचं चिलखत जाड, पण चपळाई कमी, तो मार खाऊन उभा राहतो. आमुरो या पायलटचा गंडाम पत्र्याचा, पण आमुरोला मारणं म्हणजे आधी त्याला नेम लागला पाहिजे. गेटर तीन रूपं बदलतो: वन आकाशात, टू जमिनीवर, थ्री पाण्यात, आणि रूप बदललं की हत्यारं आणि भूभागाचे गुण सगळं बदलतं. आता कॉम्बॅटलर बघा. त्यात पाच जण बसतात, म्हणून पाचांचे स्पिरिट पॉइंट, म्हणजे पायलटच्या खास कमांड वापरायचे गुण, वेगवेगळे. आमुरोला एकट्याची शिदोरी, इथे पाच जणांची. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे सहसा लक्षातच येत नाही. जुने खेळाडू मात्र त्या पाचांच्या कमांड पार शेवटच्या पाळीपर्यंत पुरवून वापरतात.

एक पाळी सांगतो म्हणजे कळेल. समोर बॉस आहे. एचपी ठरावीक रेषेखाली गेला की तो पळणार, आणि पळाला तर त्याच्याकडचा, आपल्या रोबोटला जोडता येणारा पार्ट हातून गेला. म्हणजे त्याला त्या रेषेच्या जरा वर आणून थांबायचं आणि मग एकाच फटक्यात संपवायचं. मॅझिंगर चालवणाऱ्या कोजीच्या सर्वांत जबर हत्याराला मोराल हवं, म्हणजे चेव. सुरुवातीला तो १०० असतो, शत्रू पाडले की वाढतो, आणि असली हत्यारं १२०-१३० शिवाय उघडत नाहीत. म्हणून आधीच्या दोन-तीन पाळ्यांत किरकोळ शत्रू कोजीच्या वाटेला ठेवायला हवे होते, नाहीतर आमुरोनं सगळे साफ केले आणि कोजी १०८ वर बसलाय. मग ‘व्हॅलर’ ही कमांड टाकायची, मार दुप्पट. पण सुपर रोबोटांचा नेम बेतास बात, म्हणून आधी ‘स्ट्राइक’, म्हणजे नेम पक्का. दोन्हींना पुरतील इतके पॉइंट शिल्लक आहेत का? हा हिशोब नकाशा सुरू होतानाच करायचा असतो. याला डोकं लागत नसेल तर कशाला लागतं ते तरी सांगा.

अर्थात, एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. २०१७ च्या ‘व्ही’पासून या गेम्स बऱ्याच सोप्या झाल्यात, आणि २०२१ च्या ‘३०’मध्ये तर ऑटो बटण आहे, दाबा आणि चहा प्यायला जा. आवडत्या दोन रोबोटांवर सगळा पैसा ओतला तर सामान्य पातळीवर कुणी अडवत नाही. १९९८ ची ‘एफ फायनल’ घाम गाळून संपवलेला माणूस यावर नाक मुरडेल, आणि ते रास्तच आहे. पण ‘सोपी पातळी आहे’ आणि ‘डोकं लागत नाही’ यात फरक आहे. ऑटो दाबून ‘यात काही नाही’ म्हणणारे ते बटण कुणी दाबलं ते सोयीस्करपणे विसरतात.

मेलेली पात्रं जिवंत करण्याबद्दल. होय, करतात, आणि लोक त्यासाठीच खेळतात! १९८५ च्या ‘झेटा गंडाम’मधली फोर मुरासामे मालिकेत मरते. या गेम्सच्या अनेक भागांत ती वाचू शकते. ‘शकते’ म्हटलंय, आयती वाचत नाही. ठराविक नकाशांवर त्या मालिकेचा नायक कामील याला तिच्यापर्यंत पोचवावं लागतं, तिच्याशी बोलावं लागतं, एखादी अट चुकली की ती तुमच्याही हातून जाते. गंडाममधल्याच एल्पिओ पूरूचंही तेच. मूळ कथा पाहताना जी हळहळ वाटली, ती भरून काढायची संधी खेळणाऱ्याला मिळते, त्याच हक्कधारकांच्या संमतीनं ज्यांचा म्हणे ‘अपमान’ होतोय.

राहिला ‘तीसच्या तीस भाग’ हा मुद्दा. ‘३०’ म्हणजे तिसावा भाग नाही हो. १९९१ ते २०२१, तीस वर्षं. ‘व्ही’, ‘एक्स’, ‘टी’, ‘३०’ यांच्या कथा एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, कुठूनही सुरू करा. ‘अल्फा’ आणि ‘झेड’ या मात्र खरोखर साखळ्या आहेत, त्या मधूनच धरल्या तर गोंधळ उडतो. आणि सगळ्या मालिका पाहिल्याशिवाय कळत नाही म्हणे! भाच्यानं गेटरचा एक भागही पाहिलेला नाही आणि माझ्याकडे ‘टी’ खेळताना तोच रोबोट सोडायला तयार नव्हता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जॉनी सोको आणि त्याचा उडता रोबोट पाहणाऱ्या आमच्या पिढीला त्यापलीकडे जपानी रोबोटांची कुठे ओळख होती? तोच जायंट रोबो, नंतरच्या ॲनिमे रूपात, १९९९ च्या ‘६४’मध्ये आहे.

आता ज्याच्यासाठी वरचा सगळा खटाटोप केलाय तो मुद्दा, म्हणजे लिंक. “अधिकृत इंग्रजी कधीच नाही.” यात अर्ध सत्य आहे आणि तेवढंच गळ म्हणून वापरलंय. जुने परवानाधारी भाग खरोखर फक्त जपानीत आले. प्रत्येक मालिकेचे जपानबाहेरचे हक्क वेगवेगळ्या हातांत, सगळ्यांना एका टेबलावर आणणं म्हणजे डोकेदुखी. म्हणूनच २००६ मध्ये ॲटलस या कंपनीनं अमेरिकेत ‘ओरिजिनल जनरेशन’चे दोन भाग इंग्रजीत काढले, कारण त्यांत बॅनप्रेस्टोचे स्वतःचेच रोबोट होते, बाहेरचा एकही नाही. पुढे २०१६ ची ‘मून ड्वेलर्स’ आशियात इंग्रजीत आली, २०१७ ची ‘व्ही’ही, मग ‘एक्स’ आणि ‘टी’. लोक त्या आशियाई आवृत्त्या मागवून खेळले. २०२१ ला ‘३०’ स्टीम या ऑनलाइन गेमदुकानावर इंग्रजीसकट थेट जगभर आली. आणि ‘वाय’ २८ ऑगस्ट २०२५ ला स्विच, पीएस५ आणि स्टीमवर, जगभर. ‘कधीच नाही’ हे वाक्य २००६ लाच खोटं ठरलं होतं.

आणि बघा, पहिल्या मुद्द्यात म्हणे ही चाहत्यांची चोरीची खिचडी, शेवटच्या मुद्द्यात तक्रार की ‘अधिकृत’ इंग्रजी नाही. चोरीच्या खिचडीची अधिकृत आवृत्ती कोण काढणार? मजकूर लिहिणाऱ्यानं स्वतःचं लिखाणही वाचलेलं नाही. त्याला लिंक दाबून घ्यायची होती, बस्स.

ती लिंक भाच्यानं दाबली. ‘इंग्लिश फुल पॅक, सर्व भाग’ नावाची पासवर्ड लावलेली झिप उतरली, आत एक सेटअप डॉट ईएक्सई आणि एक टेक्स्ट फाईल: “चालू करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.” त्यानं केला. गेम आली नाही. ब्राउझरचं होमपेज बदललं, कोपऱ्यात जुगाराच्या जाहिराती उघडायला लागल्या, आणि त्याच लॅपटॉपवर त्याच्या आईचं नेटबँकिंग होतं. ताईनं मला रात्री फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहित नाही. विंडोज नव्यानं टाकावं लागलं, पासवर्ड एकूण एक बदलावे लागले, तेही दुसऱ्या मशीनवरून.

जुन्या भागांची चाहत्यांनी केलेली भाषांतरं असतात, ते खरं आहे. एऑन जेनेसिस या गटानं ‘अल्फा गायडेन’ इंग्रजीत आणली, आणि काम उत्तम आहे. पण भाषांतराचा पॅच म्हणजे फक्त बदलांची फाईल. मूळ गेम त्यात नसते, ती तुमच्याकडे असावी लागते. सगळे भाग एका सेटअपमध्ये देणारा आणि वर अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा माणूस भाषांतरकार नसतो.

तुमच्याकडे तो फॉरवर्ड आला असेल तर पुढे पाठवू नका. झिप उतरवली असेल पण उघडली नसेल, तर पुसून टाका. सेटअप चालवला असेल तर आधी नेट तोडा, मग दुसऱ्या मशीनवरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला, आणि त्यानंतरच लॅपटॉपकडे वळा. ‘वाय’ महाग वाटत असेल तर स्टीमच्या सेलची वाट बघा, भाचाही आता तेच करतोय.