बोर्दोच्या टेबलावर दिंडोरीचा वाद

इथे फ्रान्समध्ये, बोर्दोत, शेजारचे फ्रेंच आजोबा गेल्या रविवारी वाईनची एक बाटली घेऊन आले. शातो लेओविल बार्टन, 1996. त्यांची मुलगी जन्मली त्या वर्षाची, पेटीतली शेवटची. दोन दिवस त्यांनी ती उभी ठेवून गाळ तळाशी बसू दिला होता. ठिसूळ झालेलं बूच दोन पात्यांच्या ओपनरने अलगद काढलं. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून मी धार सुरईत ओतली आणि गाळ मानेशी येताच थांबलो.

पेल्याच्या कडेला विटकरी रंग. वास आधी ओल्या पानांचा, मग देवदाराच्या लाकडाचा, सुक्या तंबाखूचा, नुकतंच टोक केलेल्या शिसपेन्सिलीचा. काबेर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाची वाईन कोवळी असताना जांभळासारखी जीभ धरते. हिच्यातला तुरटपणा मुरला होता. ‘मुरणं’ म्हणजे काय ते आजोबांना सांगायला मला कैरीच्या लोणच्यापर्यंत जावं लागलं. 1996 साली बोर्दोजवळच्या मेदोक भागात काबेर्ने छान पिकली आणि तिचा आंबटपणाही टिकला, त्यामुळे ही वाईन अजून ताठ उभी आहे.

ही वाईन करणाऱ्या बार्टन घराण्याची गोष्ट मला जवळची वाटते, कारण ही माणसंही बाहेरून आलेली. थॉमस बार्टन अठराव्या शतकात आयर्लंडहून बोर्दोला आला आणि वाईनच्या व्यापारात पडला. नातू ह्यू फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तुरुंगात गेला, सुटून आयर्लंडला पळाला. इथला धंदा सांभाळला तो गेस्तिए या फ्रेंच भागीदाराने. त्याच ह्यूने 1821 मध्ये सँ-ज्युलियँ गावातला लांगोआ हा द्राक्षमळा विकत घेतला आणि 1826 मध्ये लेओविल या मळ्याचा एक हिस्सा. या हिश्शाला स्वतःचा वाडा नाही, वाईन लांगोआच्याच तळघरात होते. बोर्दोच्या वाईनच्या 1855 च्या प्रतवारीत तिला दुसरी श्रेणी मिळाली. जमीन आजही बार्टनांकडेच आहे. अँथनी बार्टन यांनी 1983 पासून कारभार पाहिला. मागणी वाढली तरी भाव आवाक्यात ठेवणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं.

ते गेले जानेवारी 2022 मध्ये. त्याच महिन्यात आपल्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वेगळ्या कपाटातून वाईन विकायला परवानगी दिली आणि महाराष्ट्रात रान पेटलं. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असं एक बाजू म्हणाली. दुसरी म्हणाली, ‘महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय’. निर्णय अमलात आलाच नाही, पण वाद मिटलेला नाही. गावी गेलो की जेवणाच्या ताटावर तो निघतोच.

पहिल्या बाजूचं वाक्य इथे कुणी उच्चारणार नाही. फ्रान्समध्ये वाईन किराणा दुकानात मिळते, पण ती दारूच आहे याबद्दल कायद्याच्या मनात शंका नाही. 1956 पर्यंत शाळेच्या खानावळीत लहान मुलांनाही वाईन मिळे. त्या वर्षी चौदा वर्षांखालच्यांसाठी ती बंद झाली. आजोबांना ते आठवतं. 1991 च्या एव्हँ कायद्याने टीव्हीवरची आणि सिनेमागृहातली मद्याची जाहिरात बंद केली. गरोदर बाईने पिऊ नये, ही खूण प्रत्येक बाटलीवर असते. आपल्याकडे दारूच्याच नावाचा सोडा टीव्हीवर राजरोस झळकतो.

दुसऱ्या बाजूला मी हसत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी दिंडोरीत पाहिली आहेत, आणि बाटली आडवी करायला मतदान करणाऱ्या बायांचा मला आदर आहे. पण ज्या राज्यात प्यायला परवाना लागतो आणि तो जवळजवळ कुणीच काढत नाही, तिथे कपाट कुठल्या दुकानात ठेवायचं एवढ्यावरच भांडून काय मिळणार?

आणि हे शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे असं म्हणत त्याचं नाव घेणं तर थांबवाच. माझे काका थॉमसन पिकवतात, खायची द्राक्षं. नाशिकच्या बागांत वाईनच्या जातींचा वाटा अगदी थोडा, आणि ज्यांच्याकडे त्या आहेत ते बहुतेक वायनरीशी करार करून माल घालतात. बार्टनांचं सगळं सांगितल्यावर काकांनी फोनवर एकच विचारलं, “अरे, पण त्यांना किलोला काय भाव मिळतो?”

“काका, ते द्राक्षं विकतच नाहीत. स्वतःची वाईन स्वतःच्या नावाने विकतात.”

“मग आमच्या नावाने कशाला भांडतात रे हे लोक?” काका म्हणाले, आणि अवकाळीचा अंदाज आहे, कागद अंथरायचाय, म्हणून फोन ठेवला.